कविता लिहायला शिकायचंय, सुरुवात कुठून करू? (नवशिक्यांसाठी धागा)

पागोळी

नमस्कार मंडळी. मी गुहागर तालुक्यातली, नोकरी चिपळूणला. रोज एसटीने ये-जा, त्या वेळात मोबाइलवर चार-चार ओळी लिहिते. शाळा सुटल्यावर कवितेशी रीतसर संबंध असा आला नाही, पण लिहावंसं मनापासून वाटतं. यमक जुळलं की कविता झाली का? वृत्तं शिकायलाच हवीत का? की सरळ मुक्तछंदात लिहावं? परवाच्या पावसावर लिहिलेलं खाली देते. स्पष्ट सांगा, राग येणार नाही.

कोकणात पाऊस आला
निसर्ग हिरवा झाला
मन माझे आनंदून गेले
सुखाचा वर्षाव झाला

लाट_आणि_लय

स्वागत पागोळी. मी रत्नागिरीचा, गझल लिहितो, त्यामुळे पहिली नजर यमकावर गेली. 'आला' आणि 'झाला' हे यमक ठीक आहे. पण दुसऱ्या आणि चौथ्या ओळीत तुम्ही 'झाला'ला 'झाला'च जोडलंय. तोच शब्द त्याच अर्थाने परत आला तर कानाला यमक मिळत नाही, नुसती पुनरुक्ती होते. गझलेत असा शेवटचा शब्द मुद्दाम तोच ठेवतात, त्याला रदीफ म्हणतात. पण मग त्याच्या आधी काफिया, म्हणजे यमकाचा शब्द, जुळवावा लागतो. उदाहरणार्थ 'किनारा दूर झाला' आणि 'साऱ्याचा धूर झाला'. इथे 'झाला' रदीफ, 'दूर' आणि 'धूर' काफिया, आणि दोन्हींतला 'ऊ' हा स्वर म्हणजे अलामत. सुरेश भटांची 'गझलची बाराखडी' मिळाली तर जरूर वाचा, नवशिक्यांसाठीच लिहिलेली आहे.

गझल इतक्यात लिहू नका मात्र. ती वृत्तात लिहावी लागते, आणि वृत्त कानात बसायला वेळ जातो.

निवृत्त_मास्तर

पागोळीताई, मी देवगडचा. आयुष्यभर मराठी शिकवलं, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

आधी मोजायला शिका. वृत्त नंतर, अलंकार त्याच्याही नंतर. मराठीत सर्वांत आपली वाटणारी रचना अक्षरांच्या संख्येवर उभी आहे: ओवी, अभंग, अष्टाक्षरी. तिथे ऱ्हस्व-दीर्घाचा हिशेब नसतो, प्रत्येक अक्षर एक. जोडाक्षर कितीही अवघड दिसलं तरी एकच. 'तरव्याच्या' म्हणजे त, र, व्या, च्या, चार अक्षरं. 'पाऊस' तीन. मोजताना बोटं वापरा, लाजू नका. मी अजूनही बोटांवरच मोजतो.

आता तुमच्या ओळी मोजू. पहिली नऊ, दुसरी आठ, तिसरी दहा, चौथी आठ. म्हणजे तुमचा कान आपोआप आठकडे जातोय. ही फार चांगली खूण आहे. तुम्ही अष्टाक्षरीतच सुरुवात करा. प्रत्येक ओळीत आठ अक्षरं, चार ओळींचं कडवं, दुसऱ्या आणि चौथ्या ओळीला यमक. चार अक्षरांनंतर बारीकसा थांबा आला तर म्हणायला गोड लागते.

पण मला खरं बोलायचंय ते वेगळ्याच गोष्टीबद्दल. 'निसर्ग हिरवा झाला', 'मन आनंदून गेले', 'सुखाचा वर्षाव'. हे तुम्ही पाहिलंत कुठे? या ओळी पुण्यात बसून लिहिता येतात, नागपुरात बसूनही येतात. परवा पाऊस आला तेव्हा तुम्ही घरात होतात की स्टँडवर? घरात काय चाललं होतं? कोण काय करत होतं? कविता बाजूला ठेवून तेवढं गद्यात लिहा. इथेच लिहा.

पागोळी

मास्तर, खूप आभार. सांगते.

परवा रात्री जोराचा लागला. आमच्या माजघरावरचे नळे (कौलं) शाकारायचे राहिले होते, त्यामुळे तिथे गळायला लागलं. आई सारखी टोप आणून खाली ठेवत होती, एक भरला की दुसरा. बाबा बॅटरी आणि खोरं घेऊन शेतावर गेले, तरव्यात (भाताच्या रोपांच्या वाफ्यात) पाणी तुंबलं तर रोपं कुजतात म्हणून बांध फोडायला. पहाटे आले. आम्ही कुणीच झोपलो नाही. आनंदबिनंद काही नव्हता खरं तर, काळजीच होती.

निवृत्त_मास्तर

हीच तुमची कविता. आता आठात बसवा.

सड्यावरचा

मधेच बोलतो, मी राजापूरचा. मास्तरांचा अनुभव मोठा आहे, पण प्रत्येक नवशिक्याला आधी आठात कोंबायचं हे मला पटत नाही. पागोळींनी वर जे गद्य लिहिलंय ते त्यांच्या पहिल्या कवितेपेक्षा कितीतरी जिवंत आहे, आणि ते मोजल्याशिवाय आलंय. यमक शोधता शोधता माणूस खोटं लिहायला लागतो. 'झाला'ला यमक हवं म्हणून 'वर्षाव' आला आणि काळजीची रात्र आनंदाची होऊन बसली.

मुक्तछंद म्हणजे मोकाटपणा असं मात्र समजू नका. कवी अनिलांनी तो मराठीत रुजवला तो लयीचं भान ठेवूनच. यमक गेलं, ठरलेली अक्षरं गेली, की हातात उरते ती ओळ कुठे तोडायची ही जागा. तुमचंच गद्य घेऊन करून दाखवतो:

रात्रभर टोप बदलत होती आई.
बाबा
बांध फोडायला गेले होते.
दोन्हीकडे पाणी.

'बाबा' एकटाच ओळीवर ठेवलाय, कारण त्या रात्री शेतात ते एकटे होते. हीच वाक्यं सलग लिहिली तर तो एकटेपणा निघून जातो. आणि शेवटच्या ओळीत घर आणि शेत एकत्र आलं. काळजी हा शब्द कुठे लिहावा लागला नाही.

लाट_आणि_लय

सड्यावरचा, शेवटची ओळ आवडली. पण ओळ कुठे तोडायची हे तुम्हाला कळतं कारण तुमच्या कानात आधी लय मुरलेली आहे. नवशिक्याला ते एंटर बटण दाबण्यासारखं वाटतं, आणि मग वर्तमानपत्रातली बातमी उभी लिहिल्यासारखे मुक्तछंद येतात. आपल्या विंदा करंदीकरांचंच बघा ना, धालवलीचे, देवगड तालुक्यातले. मुक्तसुनीतं (सुनीत या 14 ओळींच्या रचनेचं मोकळं रूप) लिहिली, पण आधी छंदांवर हुकमत होती.

सड्यावरचा

मान्य, पण दोन्ही बरोबर शिकता येतं. एकाच प्रसंगावर एकदा मोजून लिहा, एकदा न मोजता. दोन्ही शेजारी ठेवा. नवशिक्याला स्वतःच दिसतं कुठे काय हरवलं.

पागोळी

आज येताना एसटीत बसून मोजत होते. शेजारच्या काकू विचारत होत्या कसला हिशेब चाललाय. हे जमलं:

गळे माजघरी पाणी
आई ठेवी खाली टोप
बांध फोडायला बाबा
गेले, कुणा नाही झोप

टाळकरी_कुडाळ

बाय, बरा जमलासा. मी भजनातलो माणूस, कुडाळकडचो. तुझी पयली ओळ टाळार म्हणून बघितलंय, थंय अडाकता.

(आता सगळ्यांना कळेल असं लिहितो.) मास्तरांनी चारनंतर थांबा सांगितला ना, तो तुझ्या पहिल्या ओळीत शब्दाच्या मधोमध पडतो: 'गळे माज' आणि 'घरी पाणी'. ठेका 'माजघर' फोडतो. अक्षरं तीच ठेव, फक्त जागा बदल: 'माजघरी गळे पाणी'. आता म्हणून बघ. चार, चार. टाळ बरोबर पडतो.

तिसऱ्या ओळीतही तसंच होतं, 'बांध फोडा' आणि 'यला बाबा'. तिथे 'बांधावर गेले बाबा' केलंस आणि चौथी 'घरी कुणा नाही झोप', तर गाता येईल.

आमच्याकडे डबलबारीत, म्हणजे दोन भजनी मंडळांच्या सामन्यात, समोरचा बुवा गाऊन बसला की तिथल्या तिथे उत्तराचा गजर रचावा लागतो. तेव्हा कागद-पेन्सिल कुणाच्या हातात नसते. अक्षरं ठेक्यावरच मोजली जातात. म्हणून सांगतो, लिहिलेलं मोठ्याने म्हण. डोळ्याला चुकलेलं दिसत नाही, जिभेला लागतं.

निवृत्त_मास्तर

बुवा, पहिल्या ओळीचा बदल सोन्यासारखा. तिसऱ्याबद्दल मी पागोळीताईंच्या बाजूने. 'बांधावर गेले बाबा' म्हटलं की बाबा नुसते गेले. 'बांध फोडायला' म्हटलं की का गेले ते कळतं, आणि रात्रीची सगळी निकड त्या एका कामात आहे. शिवाय त्यांनी नकळत एक चांगली गोष्ट केली आहे: वाक्य ओळीच्या शेवटी संपवलं नाही. 'बाबा' वर ओळ थांबते आणि 'गेले' खाली येतं. वाचणारा क्षणभर लटकतो. नवशिके बहुधा प्रत्येक ओळीत एक वाक्य कोंबतात आणि कविता पाढ्यासारखी होते.

लाट_आणि_लय

दोन्ही साधायचं असेल तर 'फोडायाला बांध बाबा / गेले, कुणा नाही झोप'. फो-डा-या-ला, बां-ध-बा-बा. चार-चार झाले, कामही राहिलं.

सड्यावरचा

'फोडायाला' असं पागोळींच्या घरात कुणी बोलतं का? छंदासाठी शब्द ताणायची सवय एकदा लागली की सुटत नाही. 'करुनिया', 'जाउनिया', 'मजला', 'तुजला' अशी सगळी वरात मागून येते.

लाट_आणि_लय

ताणणं आणि जुनं रूप वापरणं यांत फरक आहे. जात्यावर, भजनात अशी रूपं अजून तोंडात आहेत. सरसकट नको, हे बरोबर.

पागोळी

सगळ्यांचं परत परत वाचलं. पहिली ओळ बुवांची घेते. तिसरी माझी तशीच ठेवते, 'बांध फोडायला बाबा'. मोठ्याने म्हणताना तिथे थोडं अडखळायला होतं, पण मला ते अडखळणं बरं वाटतंय. रात्रीचं बांधावर कुणी ठेक्यात चालत नाही.

टाळकरी_कुडाळ

हे आवडलं. ठरवून ठेवलंस ना, मग ठेव. न कळता राहिलं असतं तर मी सोडलं नसतं.

मोहोर

धागा वाचतेय, मीही नवीन, दापोलीकडची. अभंग आणि ओवी यांत नक्की फरक काय? आणि लघु-गुरू म्हणजे काय ते कुणी सोप्या भाषेत सांगेल का? शाळेत 'यमाताराजभानसलगा' घोकलं होतं, परीक्षेनंतर विसरले.

टाळकरी_कुडाळ

अभंगाचं मी सांगतो. दोन प्रकार. लहान अभंगात आठ-आठ अक्षरांचे दोन चरण, शेवटी यमक. मोठ्या अभंगात चार चरण: सहा, सहा, सहा आणि शेवटचा चार. यमक दुसऱ्या-तिसऱ्याला. आत्ताच एक बांधून दाखवतो:

खाडीच्या काठाला
होडी नांगरली
भरती चढली
दोरी ताणे

मोजून घ्या. शेवटच्या चरणात दोन अक्षरं कमी पडतात, त्याने काय होतं ते गाताना कळतं. तीन वेळा दम भरून आल्यावर चौथ्याला आवाज खाली बसतो. म्हणून त्या चारात फापटपसारा चालत नाही. सगळा अर्थ तिथे येऊन टेकतो.

निवृत्त_मास्तर

ओवीचं सांगतो. ज्ञानेश्वरीतली ग्रंथाची ओवी साडेतीन चरणांची मानतात. पहिल्या तीन चरणांना यमक आणि चौथा आखूड, बिनयमकाचा. अक्षरसंख्या काटेकोर नसते. जात्यावरची ओवी त्याहून मोकळी, ती गळ्यावर चालते.

आता लघु-गुरू. ऱ्हस्व अक्षर लघु, एक मात्रा. दीर्घ अक्षर गुरू, दोन मात्रा. अनुस्वार किंवा विसर्ग असलेलं ऱ्हस्व अक्षरही गुरू, जसं 'मंद' मधला 'मं'. पुढे जोडाक्षर असेल आणि त्याचा आघात मागच्या अक्षरावर येत असेल तर मागचं ऱ्हस्वही गुरू: 'रस्ता' मधला 'र', 'चक्र' मधला 'च'. इथेच मुलं हमखास गोंधळतात, कारण मराठीत 'तुम्ही', 'पुन्हा', 'तुझ्या' या शब्दांत जोडाक्षर असूनही मागे आघात येत नाही. म्हणून 'तु', 'पु' लघूच राहतात. पुस्तकात बघू नका, उच्चारून बघा.

'यमाताराजभानसलगा' हे घोकायचं सूत्र फारच हुशारीने केलेलं आहे. गण म्हणजे तीन अक्षरांचा गट. ज्या गणाचं अक्षर, तिथून तीन अक्षरं मोजायची. 'य' गण पाहिजे तर 'यमाता', म्हणजे लघु-गुरू-गुरू. तोच गण चार वेळा आला की भुजंगप्रयात वृत्त होतं, बारा अक्षरांचं. समर्थांचे मनाचे श्लोक त्याच वृत्तात आहेत, म्हणजे हे वृत्त तुमच्या कानात लहानपणापासून बसलेलं आहे, फक्त नाव माहीत नव्हतं. त्याच चालीवर म्हणून बघा:

किनारी उभा माड वाकून पाहे

कि-ना-री, उ-भा-मा, ड-वा-कू, न-पा-हे. प्रत्येक तुकडा लघु-गुरू-गुरू. तुकडे शब्दांच्या सीमा पाळत नाहीत हेही दिसेल. चाल आधी गुणगुणा, मग तिच्यात शब्द टाका. उलट केलं की फार त्रास होतो.

लाट_आणि_लय

मात्रावृत्ताची भर घालतो. तिथे अक्षरं कितीही चालतात, मात्रांची बेरीज जुळली पाहिजे. पादाकुलकात आठ आणि आठ अशा सोळा मात्रा. 'आभाळातुन उतरत येई' मोजा: 'आभाळातुन' आठ, 'उतरत येई' आठ. एरवी आपण 'आभाळातून' लिहितो, इथे 'तु' ऱ्हस्व केलाय. वृत्तासाठी एवढी सवलत चालत आलेली आहे. ज्यांना खोलात जायचंय त्यांच्यासाठी माधव ज्यूलियनांचं 'छंदोरचना' आहे. जाडजूड ग्रंथ, पहिल्या वर्षी हात लावला नाही तरी चालेल.

सड्यावरचा

आणि वाचा. हे कुणी अजून लिहिलं नाही म्हणून लिहितो. आपल्या किनाऱ्यावर वाचायला काय कमी आहे? मराठीत 14 ओळींचं सुनीत आणणारे केशवसुत मालगुंडचे, 1866 मधले. गणपतीपुळ्याला जाणारे बरेच जण जवळच असलेल्या त्यांच्या स्मारकात न जाताच परत फिरतात. वेंगुर्ल्याचे पाडगांवकर. आणि आरती प्रभू, म्हणजे चिं. त्र्यं. खानोलकर, वेंगुर्ल्याजवळच जन्मलेले. 'जोगवा' आणि 'दिवेलागण' मिळवून वाचा. त्यात इथला काळोख आहे. पर्यटनाच्या जाहिरातीतलं कोकण तिथे सापडणार नाही, आणि ते फार आवश्यक आहे, कारण आपल्यापैकी बहुतेकांच्या पहिल्या कविता त्या जाहिरातीतूनच येतात.

आवडलेली कविता वहीत हाताने उतरवून काढा. उतरवताना ओळ कुठे वळते, क्रियापद कुठे ठेवलंय, हे हाताला कळतं.

निवृत्त_मास्तर

हे शंभर टक्के खरं. मी वर्गात हेच करून घ्यायचो.

पागोळी

पुढचं कडवं झालं. बाबांना सुट्टीच्या दिवशी वाचून दाखवलं. ते काही बोलले नाहीत, परत एकदा वाच म्हणाले.

पहाटेला आले बाबा
चिखलाने पाय लाल
रिते केले टोप सारे
आई म्हणे, पेज खाल?

टाळकरी_कुडाळ

गो बाय माझे! चारही ओळी चारवर थांबतात, कुठे ओढाताण नाही. 'खाल'ने गप्पच केलंस.

लाट_आणि_लय

'लाल' आणि 'खाल'. अशा यमकाला मी दाद देतो, कारण यमकासाठी प्रश्न आलेला नाही, प्रश्नात यमक सापडलंय. पहिल्या पोस्टमधल्या चार ओळी आणि या चार ओळी एकाच माणसाच्या आहेत यावर विश्वास बसत नाही.

सड्यावरचा

एक सुचवतो. 'पहाटेला' मधला 'ला' भरतीचा वाटतो. बोलताना आपण 'पहाटे' म्हणतो. 'पहाटे परत बाबा' करून बघा, आठ होतात. थांबा मोडेल, पण तुम्हाला आता मोडायची भीती नाही.

बाकी कशाला हात लावू नका. पुढच्या कडव्यात अर्थ सांगायचा मोह होईल, आईबाबांच्या कष्टांबद्दल वगैरे. तो टाळा. 'पेज खाल?' नंतर काही सांगायची गरज नाही.

पागोळी

तिसरं कडवं लिहिलं होतं, अगदी तेच होतं त्यात, कष्ट, ऋण वगैरे. काढून टाकलं. 'पहाटेला'चा विचार करते.

निवृत्त_मास्तर

आता आठ-पंधरा दिवस वही मिटून ठेवा. मग काढून परक्याची समजून वाचा. त्या वेळी जे शब्द काढले तरी अर्थ हलत नाही ते काढा, विशेषणं आधी.

मोहोर

मला एक विचारायचंय. माझ्या आजीला जात्यावरच्या पुष्कळ ओव्या येतात. लिहून घेतल्या, पण अक्षरं कुठेच सारखी भरत नाहीत. आजी चुकतेय का मी चुकीचं लिहितेय?

टाळकरी_कुडाळ

कुणीच चुकत नाही. गाताना आजी कुठे 'गं बाई' घालते, कुठे शब्द आवळते, जात्याच्या फेऱ्याशी मेळ बसतो आणि काम झालं. कागदावर तो फेरा येत नाही. लिहू नकोस, मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करून ठेव. जमलं तर जातं फिरवताना कर, नुसतं बसवून विचारलंस तर तिला निम्म्या आठवणार नाहीत. आणि हे लवकर कर.

निवृत्त_मास्तर

मोहोर, तुम्हालाही काम देतो. घरातलं एखादं माणूस कामात असताना पाहा. त्याचं काम चार ओळींत, आठ-आठ अक्षरांत. भावना सांगायची नाही, फक्त काय चाललंय ते.

मोहोर

मास्तर, हे घ्या. आमची कलमं आहेत, दादा फवारणी करतो.

पाठीवर पंप जड
कलमांत फिरे दादा
मोहोरावर तुडतुडे
यंदा आंबा नाही जादा

पागोळी

मोहोर, छान! मला मोजायची आता सवयच लागलीय. तिसरी ओळ नऊ भरते. मो-हो-रा-व-र पाच आणि तु-ड-तु-डे चार.

लाट_आणि_लय

'मोहराला तुडतुडे' करा. बागेत तसंच म्हणतात, आणि आठही होतात. पहिल्या ओळीतला 'जड' काढता येतो का तेही बघा. पंप पाठीवर आहे म्हटल्यावर वजन आलंच. त्या दोन अक्षरांत दादाचं दुसरं काही बसवा: रुमाल, टोपी, हात, जे खरंच दिसलं असेल ते.